हे खरे आहे काय?

वर्षातून दोन-तीनदा तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. बहुतेक वेळा निवडणुकीच्या तोंडावर, नाहीतर मग कुठल्यातरी आमदाराच्या ताफ्याचा व्हिडिओ व्हायरल झाला की. एसटीने फिरणारा आमदार, गाडी नाही घोडा नाही, अकरा वेळा निवडून आला, असा नेता पुन्हा होणे नाही, आणि शेवटी हात जोडलेले चार-पाच इमोजी. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबा. मग खाली काकाचा थम्ब, आत्याचं "विनम्र अभिवादन", कुणाचंतरी "आजकालचे बघा" आणि विषय संपला, पुढचा मेसेज गुळवेलीचा काढा.

मला त्या फॉरवर्डचा आता खरंच कंटाळा आलाय. आबा एसटीने फिरायचे हे सगळ्या महाराष्ट्राला माहितीये, त्यात वाद नाही. पण एसटीने तर माझे वडीलपण आयुष्यभर फिरले, त्यांना कुणी ग्रामपंचायतीला उभं केलं नाही. म्हणजे माणूस अकरा वेळा निवडून का आला याचं उत्तर एसटीत नाहीये, आणि ते कुठे आहे ते बघायचा त्रास नको म्हणून आपण साधेपणा साधेपणा करत बसतो असं मला वाटायला लागलंय. साधेपणाचं एक बरं असतं, त्याला हात जोडले की झालं, त्यावर प्रश्न विचारावे लागत नाहीत.

बरं त्या मेसेजमध्ये "देशात सर्वाधिक वेळा" असंही एक वाक्य असतं, ते आधी काढून टाकू. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, तमिळनाडूत करुणानिधी मतदारसंघ बदलत का होईना १३ वेळा. महाराष्ट्रापुरतं म्हणायचं तर आबा ११ वेळा, सगळ्या वेळा सांगोला, सगळ्या वेळा शेतकरी कामगार पक्ष. १९६२, ६७, मग ७२ ला पडले, ७४ ला पोटनिवडणुकीत परत आले, ७८, ८०, ८५, ९०, मग ९५ ला परत पडले, मग ९९, २००४, २००९, २०१४. पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि शेवटच्या टर्मला देवेंद्र फडणवीस. एवढं पुरे आहे की, देशातला पहिला नंबर कशाला पाहिजे.

माझं या सगळ्याशी नातं म्हणजे आजोळ. आम्ही पंढरपूरचे, आणि आई सांगोला तालुक्यातली. दोन मामा. थोरला मामा आबांचा माणूस, लाल बावट्याचा, आणि धाकटा मामा त्यांच्या विरोधकाचा, शहाजीबापू पाटलांचा. एकाच वाड्यात, एकाच चुलीवरचं खाऊन. मतदानाच्या दिवशी मामी दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढायची. मी आबांना जवळून कधी बघितलेलं नाही, सांगण्यासारखी भेटबिट काही नाही, जे आहे ते या दोघांच्या भांडणातून ऐकलेलं आणि मग मोठं झाल्यावर मुद्दाम वाचलेलं.

सांगोला ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, पंढरपूरहून निघालं की थोड्या वेळाने ऊस संपतो आणि बाभळी सुरू होतात. माणदेश. पाऊस सह्याद्रीवर पडून मोकळा झालेला असतो, इकडे येईपर्यंत ढगच तेवढे उरतात. खिलार बैल, मेंढरं, जनावरांचा बाजार आणि माण नावाची नदी, जिला बऱ्याचदा नदी म्हणायलाच जीव होत नाही. आबांचा जन्म १९२६ चा, गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, म्हणजे ते मूळचे सांगोल्याचे नव्हतेच. वकील झाले, पक्षाचं काम करत करत या तालुक्यात आले आणि मग इथलेच झाले. धनगर समाजाचे, आणि तालुक्यात धनगर मतं भरपूर, त्यामुळे "अहो जातीवर निवडून यायचे" असं सोप्पं उत्तर देणारे लोक आहेत, आमच्या धाकट्या मामाचा तर तो आवडता मुद्दा. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याच मतदारसंघात जात बाजूला ठेवून हिशोब होत नाही. पण तीच जात ७२ लाही होती आणि ९५ लाही होती, आणि दोन्ही वेळा माणूस पडला. तेव्हा एवढ्यावर काम भागत नाही.

शेकापबद्दल, म्हणजे या शेतकरी कामगार पक्षाबद्दल दोन शब्द, कारण आता पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांना हा पक्ष म्हणजे अलिबागचा काहीतरी लोकल प्रकार वाटतो. १९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही काँग्रेसमधली बहुजन शेतकरी मंडळी बाहेर पडली आणि हा पक्ष निघाला. १९५० ला दाभाडीला थेट मार्क्सवाद-लेनिनवादाचा प्रबंध मंजूर केला आणि पुढच्या काही वर्षांत जेध्यांसकट बरेच मोठे लोक परत काँग्रेसमध्ये गेले, उरलेल्यांपैकी पुष्कळांना यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाने गिळलं. जे राहिले ते राहिले. साठच्या दशकात विधानसभेत विरोधी पक्ष म्हणजे शेकाप, कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते, १९६७ ला १९ आमदार. त्या पक्षात एन. डी. पाटील होते, दि. बा. पाटील होते, दत्ता पाटील होते. आबा त्या रांगेतले. १९७७-७८ मध्ये काही महिने ते स्वतः विरोधी पक्षनेते होते हे तर फॉरवर्डमध्ये कधीच नसतं, कारण त्यात इमोजी टाकण्यासारखं काय आहे.

आता मला जे खरं बोलायचंय ते. पन्नास वर्षांतली दोन-चार वर्षं सोडली तर हा माणूस सत्तेत नव्हताच. विरोधातला आमदार म्हणजे काय हे जरा डोळ्यासमोर आणा. निधी नाही, बदल्या करण्याची ताकद नाही, कलेक्टर फोन उचलेल पण काम करेलच असं नाही. गावात डीपी जळाली तर लोक तुमच्याकडेच येणार, टँकर आला नाही तर तुमच्याकडेच येणार, रोजगार हमीच्या मस्टरवर नाव असून पैसे मिळाले नाहीत तरी तुमच्याकडेच. आणि तुमच्या हातात काय, तर लेटरहेड आणि सभागृहातला माईक. बस.

त्या माईकचा वापर कसा करायचा याचं एक शास्त्र आहे, आणि ते शास्त्र आता जवळजवळ मोडीत निघालंय. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं तो, कधी वाचलाय का तुम्ही? मी वाचलेत, नाद लागतो. त्याची एक ठरलेली भाषा असते. अमुक तालुक्यातील तमुक तलावाचे काम तीन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली मंत्र्याचं उत्तर. "होय" असं क्वचित. बहुतेक वेळा "अंशतः खरे आहे", नाहीतर "नाही", आणि मग पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना एकच, "प्रश्न उद्भवत नाही". कसलं भारी वाक्य आहे, प्रश्न उद्भवत नाही! गावात पाणी नाही, पण मंत्रालयात प्रश्न उद्भवत नाही.

पण त्या "अंशतः" मध्येच सगळा खेळ असतो. मंत्र्याने कागदावर अंशतः खरे आहे म्हटलं की खालच्या अधिकाऱ्याला फाईल काढावी लागते, कुणीतरी साइटवर जाऊन येतं, आकडा लिहावा लागतो, आणि पुढच्या अधिवेशनात तोच आकडा धरून पुढचा प्रश्न टाकता येतो. मग लक्षवेधी, मग अर्धा तास चर्चा, मग बजेटला कपात सूचना, मग परत प्रश्न. एखादा माणूस हे काम पाच वर्षं करू शकतो, दहा वर्षं करू शकतो. पन्नास वर्षं? कामकाजाचे नियम तोंडपाठ असलेले आमदार म्हणून सभागृहात त्यांचा दबदबा होता, हंगामी अध्यक्ष म्हणून नव्या आमदारांना शपथ देण्याचं कामही त्यांनी केलं, आणि सभागृहातल्या ५० वर्षांबद्दल विधिमंडळाने त्यांचा सत्कारही केला. त्या सत्काराचे फोटो सापडतात. प्रश्नांची यादी मात्र कुणाकडे नाही.

पाण्याचंच घ्या. कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) दिलं आणि २००० सालच्या मे अखेरनंतर फेरविचार होऊ शकतो असं लिहून ठेवलं. म्हणजे तोपर्यंत वापरा, नाहीतर बोंबला. पण वापरायचं कुठे, तर नदीकाठी, जिथे आधीच ऊस उभा होता तिथेच. माणदेश उंचावर, तिकडे पाणी चढवायला विजेचे पंप लागतात, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे इच्छा लागते. १९९३ ला नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद भरवली, तेरा दुष्काळी तालुक्यांची, सोबत डॉ. भारत पाटणकर आणि आबा. मग दरवर्षी परिषद. दरवर्षी तेच लोक, त्याच मागण्या, समन्यायी पाणीवाटप, तेच ठराव. थोरला मामा जायचा, धाकटा त्याला चिडवायचा की यंदा किती हंडे आणले.

१९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ निघालं, शिवसेना-भाजप युतीच्या सरकारात, टेंभू योजनेचं काम त्याच काळातलं. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने वर चढवत न्यायचं, २२ टीएमसी, सातारा-सांगली-सोलापूरच्या कोरड्या तालुक्यांसाठी, आणि शेपटाला आमचा सांगोला. शेपटाला असणं म्हणजे काय ते कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा. वरचे सगळे पिऊन उरलं तर तुम्हाला. गंमत म्हणजे (गंमत कसली) ९५ ते ९९ या चार वर्षांत, जेव्हा हे सगळं कागदावर येत होतं, तेव्हा आबा आमदारच नव्हते. पडलेले होते.

आणि पडले ते किती मतांनी, तर १९२. तो आकडा आमच्या आजोळी अजून पाढ्यासारखा म्हणतात. तेव्हा मतपत्रिका होत्या, शिक्के मारायचे, मोजणी रात्री उशिरापर्यंत चालायची. मी शाळेत होते, मला आठवतं ते एवढंच की थोरला मामा दोन दिवस कुणाशी बोलला नाही आणि धाकट्याने गुलाल आणला होता पण घरात उधळायची त्याची हिंमत झाली नाही, गोठ्यात जाऊन बैलांना लावून आला. राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, युती आली, आणि नेमकं त्याच निवडणुकीत सांगोल्यात काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी आबांना पाडलं. सगळीकडची हवा एकीकडे आणि सांगोल्याची दुसरीकडे, हे या तालुक्याचं जुनं आहे.

माझ्या मते आबांच्या सगळ्या कारकिर्दीत सगळ्यात बघण्यासारखी वर्षं हीच. एकोणसत्तरीला आलेला माणूस, सात वेळा आमदार झालेला, पडला. काँग्रेसने अशा किती जणांना तोवर पोटात घेतलं होतं. एखादं महामंडळ, विधान परिषद, काहीतरी मिळालंच असतं की. ते गेले नाहीत. तालुक्यातच राहिले, सूतगिरणी, संस्था, पाणी परिषदा, लग्नं, मयती, आणि ९९ ला परत आले, ते पुढे सलग चार वेळा. आणि इथे धाकट्या मामाच्या बाजूनेही एक बोललं पाहिजे, शहाजीबापूही काही कमी चिवट नाहीत. ९५ ला जिंकल्यावर त्यांना परत आमदार व्हायला २०१९ उजाडलं. चोवीस वर्षं. पक्ष बदलले, काँग्रेसमधून शिवसेनेत गेले, पण तालुका सोडला नाही, पुन्हा पुन्हा आबांसमोर उभे राहिले आणि पडले. लोकांना ते २०२२ च्या गुवाहाटीतल्या "काय झाडी, काय डोंगर"मुळे माहीत झाले, सगळ्यांनी रिंगटोन केली. आमच्याकडे मात्र त्याआधी तीस वर्षांपासून घरात ती मॅच चालू होती.

सूतगिरणीचं नाव काढलंय तर थांबते जरा तिथे. सांगोल्यात कापूस पिकत नाही म्हटलं तरी चालेल. तिथे आबांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढली. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वेडेपणा वाटेल, कापूस विदर्भ-मराठवाड्यातून आणायचा, सूत काढायचं आणि बाहेर विकायचं. पण पाणी नसलेल्या तालुक्यात ऊस नाही म्हणजे साखर कारखान्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि बाकी सोलापूर जिल्ह्यात तर कारखान्याशिवाय पुढारी होताच येत नाही. गिरणीतल्या सूत कातायच्या चात्यांना पाऊस लागत नाही. तालुक्यातली दहावी-बारावी झालेली, शेती नसलेली किंवा असून नसल्यासारखी पोरं शिफ्टला लागली. नंतर बायकांची वेगळी सूतगिरणीसुद्धा.

महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांचं काय झालं हे वेगळं सांगायला नको. सरकारी योजनेचा साचाच असा, की सभासदांचे भांडवल ५ टक्के, सरकारचं ४५ टक्के आणि उरलेलं कर्ज. म्हणजे स्वतःच्या खिशातलं जवळजवळ काहीच नाही. बुडाली तर बुडाली, चेअरमनचं काय जातं? कित्येक गिरण्यांची नुसती शेडं उभी आहेत, काहींची तर शेडंही नाहीत, बोर्ड आहे. त्या गर्दीत सांगोल्याची गिरणी चालत राहिली, सूत बाहेरच्या देशात गेलं, कामगारांचे पगार झाले. माझ्या मामेभावाचा मित्र तिथे कामाला आहे, त्याच्या घरी गेलं की पहिल्यांदा दिसतं ते दारातल्या चपलांना चिकटलेलं पांढरं भुसं, केसात पण तेच, भुवयांत पण. त्याची बायको म्हणते चपाती लाटताना पण कापूस दिसतो. एसटीतल्या राखीव सीटच्या फोटोपेक्षा मला तो भुसकट कापूस आबांच्या राजकारणाचा जास्त खरा पुरावा वाटतो. २०२१ च्या ३० जुलैला ते गेले, ९४ वर्षांचे होते, आणि अंत्यसंस्कारही सूतगिरणीच्याच आवारात झाले.

डाळिंबाचं मात्र सगळं श्रेय त्यांना देणारे लोक आहेत, ते मला पटत नाही. डाळिंब आणलं ते शेतकऱ्यांनी, ठिबकने, आणि १९९० च्या रोजगार हमीतून फळबाग देण्याच्या राज्याच्या योजनेने. आबांनी रोजगार हमीचा विषय सभागृहात आणि बाहेर आयुष्यभर लावून धरला, तालुक्यात त्याची कामं ओढून आणली, हे खरं. पण झाडाला ताण देणं, पानगळ करणं, हस्त धरायचा की मृग धरायचा की आंबे बहार, शेततळ्याच्या कागदाला उंदराने भोक पाडलं तर रात्री बॅटरी घेऊन शोधत फिरणं, हे मामांनी केलंय. दोघांनीही, आणि बागेत राजकारण नसतं. अजनाळ्यासारख्या गावाची तर सगळीकडे चर्चा झाली, बंगले झाले, डिसेंबर २०२० ला शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातून बंगालात शालिमारला निघाली, पंतप्रधानांनी ऑनलाइन झेंडा दाखवला. आणि मग रोग-किडी आल्या, तेल्या, मर, खोडाला पिन होल बोरर. दोन-तीन वर्षांत बागाच्या बागा काढल्या लोकांनी, जेसीबी लावून. थोरल्या मामाची पण गेली. त्यावर कुठल्या आमदाराचा इलाज नव्हता.

आणि आता अडचणीचा भाग, जो फॉरवर्डवाले टाळतात आणि थोरला मामापण टाळतो. पन्नास वर्षं एक आमदार आणि २०१२-१३ च्या दुष्काळात सांगोल्यात चारा छावण्या. गावाबाहेर माळावर पाचटाच्या सावलीखाली जनावरं ओळीने बांधलेली, शेजारी बाजेवर म्हातारी माणसं, आणि टँकरची वाट. तेव्हाही आमदार आबाच. मग एवढ्या वर्षांत केलं काय, असं धाकटा मामा विचारायचा, आणि तो प्रश्न वाईट नाही. माझं उत्तर असंय की एकट्या विरोधी आमदाराने पिच्छा पुरवून कालवा तालुक्याच्या वेशीपर्यंत येऊ शकतो, वेळेत येऊ शकत नाही. वेळेत आणायला सत्ता लागते. आबांच्या पक्षाला सत्ता दोनदा मिळाली, आणि दोन्ही वेळा तुकड्यातली. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आबा मंत्री होते, ते सरकार फेब्रुवारी १९८० ला इंदिरा गांधींनी बरखास्त केलं. १९९९ ला विलासरावांच्या आघाडीत परत मंत्री, आणि २००२ ला शेकाप आणि राष्ट्रवादीचं रायगडात फाटलं म्हणून पक्ष सरकारातून बाहेर पडला. म्हणजे बघा, समुद्रकाठच्या भांडणापायी माणदेशातल्या माणसाचं मंत्रिपद गेलं. पक्षाचा आदेश, सोडलं. आजच्या काळात असलं कुणी केलं तर लोक वेड्यात काढतील, २०२२ आणि २०२३ ला आपण सगळ्यांनी काय काय बघितलं.

पण त्या निष्ठेचीही दुसरी बाजू आहेच. १९७८ ला १३ आमदार असलेला पक्ष २००४ ला दोनवर आला, २०१४ ला तीन, २०१९ ला एक. पक्ष आटत गेला आणि आबा मोठे होत गेले. दुसरी फळी? तालुक्यात कार्यकर्ते होते, जीव टाकणारे होते, पण आबांनंतर कोण याचं उत्तर ८८ व्या वर्षी परत उभं राहून द्यावं लागलं, ते त्यांच्या मोठेपणाचं लक्षण आहे का पक्षाच्या अपयशाचं? मला विचाराल तर दोन्हीचं. २०१९ ला ते थांबले, ९३ वय झालेलं, तिकीट नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना, आणि नातू ७६८ मतांनी पडला, कुणाकडून तर शहाजीबापूंकडून. मग २०२४ ला दुसरा नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, ते २५ हजारांच्या वर मतांनी जिंकले. राज्यात महायुतीची लाट, शेकापचा अख्ख्या विधानसभेत एक आमदार, आणि तो सांगोल्याचा. सांगितलं ना, इथली हवा वेगळी.

घराणेशाही म्हणायची का याला? थोरल्या मामाला हा शब्द काढला की राग येतो, तो म्हणतो आबांनी हयातभर पोरांना राजकारणापासून लांब ठेवलं. खरंय. पण मुलं लांब राहिली आणि नातू आले. विचाराचा पक्ष म्हणवणाऱ्यांना शेवटी आडनावाशिवाय उमेदवार मिळत नाही हे मला खटकतं, आणि त्याच वेळी एवढ्या लोकांनी आडनाव बघूनच बटण दाबलं असेल तर त्यांना मी पुण्यात बसून काय शहाणपण शिकवणार. धाकटा मामा निकालाच्या दिवशी म्हणाला, चला आता पुढची तीस वर्षं परत भांडायची सोय झाली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सांगोल्यात आबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, एका स्टेजवर शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस. आदल्याच दिवशी पुण्यात पवार काका-पुतण्यांची गुपचूप भेट झालेली, त्यामुळे सगळे चॅनलवाले सांगोल्यात कॅमेरे घेऊन, पण आबांसाठी नाही, पवारांच्या चेहऱ्यावर काय दिसतंय ते बघायला. असो.

पुतळा झाला, फॉरवर्ड तर चालूच राहणार. मला वेगळंच काहीतरी पाहिजे. विधानसभेच्या कामकाजाचे अहवाल छापलेले असतात, ते विधिमंडळाच्या ग्रंथालयात आहेत. १९६२ पासून सांगोल्याच्या सदस्याने विचारलेले सगळे प्रश्न कुणीतरी काढा. कुठल्या तलावाबद्दल पहिल्यांदा कधी विचारलं, किती वेळा "अंशतः खरे आहे" मिळालं, किती वेळा "प्रश्न उद्भवत नाही", आणि त्यातलं शेवटी झालं किती, न झालं किती. सोलापूर विद्यापीठात राज्यशास्त्राला पीएचडी करणारं कुणी हे वाचत असेल तर बाबा किंवा बाई, तुमच्या गाईडला सांगा, विषय तयार आहे. फील्डवर्कला राहायची सोय आमच्या आजोळी होईल, थोरल्या मामाकडे एक बाजू मिळेल, धाकट्याकडे दुसरी, आणि जेवायला मामी दोन वेगवेगळ्या वेळी वाढेल.